शेरा

एर्झुरुमात जानेवारीत नाक बाहेर काढलं
की पहिल्यांदा वास मरतो.
म्हणूनच की काय, मुकद्देसबाईंनी प्रबंध घेतला तो वासावर,
आणि नर्सिंगच्या वसतिगृहातल्या बेचाळीस उशांना
मी सेफ्टी पिनांनी कापसाचे बोळे टाचत सुटले.

परीक्षेचे दिवस.
रेडिएटरवर मोजे, मोज्यांखाली शरीरशास्त्राच्या झेरॉक्स,
दुमजली किटलीत रात्रभर कढून कडू झालेला चहा.
त्यात आता हे :
एक नंबर लव्हेंडर, दोन नंबर रोजमेरी,
तीन नंबर नुसतं बदामतेल, म्हणजे काहीच नाही,
चार नंबर गुलाब.
सकाळी सातला मी वही घेऊन दारोदार.
झोप कशी लागली? एक ते दहा.

फेराय म्हणाली, आठ! हे तेल विकत कुठं मिळतं गं?
तिला तीन नंबर होता.

दुसऱ्या मजल्यावरची सेवदे, इस्पार्ताकडच्या खेड्यातली.
तिला चार.
पहिली रात्र : एक.
दुसरी रात्र : एक.
तिसऱ्या सकाळी तिनंच विचारलं, शून्य लिहिता येतं का?

चौथ्या रात्री तिच्या खोलीतली मुलगी मला उठवायला आली.
सेवदे झोपलेली नव्हती, जागीही नव्हती.
पांघरुणावर तिचा अंगठा आणि दोन बोटं
काहीतरी खुडत होती,
फुलाच्या मानेखाली वळवून, कट्,
पुन्हा कट्,
आणि डावा हात पोत्याचं तोंड धरल्यासारखा उघडा.

'मे महिना,' ती म्हणाली, दिवा लावल्यावर.
'उन्हं यायच्या आत ओळ संपवायची.
ऊन लागलं की तेल उडतं,
तेल उडालं की काट्यावरचा माणूस
पोतं न उघडताच तोंड वाकडं करतो.
चार टन फुलं लागतात गं एका किलोला.
तुझ्या बोळ्यावरच्या थेंबात सत्तरेक तरी असतील.
मी मोजत बसते.
तीसच्या पुढं आई खोकायला लागते.'

बाई म्हणाल्या, तिला वगळू या, आकडे बिघडतात.
मी म्हटलं, आठवडा तर होऊ दे.
बाटली मात्र बदलली नाही. मी नियम पाळणारी आहे,
हे इथं लिहून ठेवते.

सहाव्या रात्री तिनं ती बाटलीच मागितली.
बाहेर वजा बावीस.
'बाबा असंच तपासतात,' म्हणाली,
'खरं असेल तर गारठ्यात गोठतं. सुयांसारखे कण धरतात.'
खिडकी ढकलून तिनं बाटली कट्ट्यावरच्या बर्फात रोवली
आणि आम्ही एका ब्लँकेटात दोघी,
कडू चहा पीत, परीक्षेबद्दल एक अक्षर न बोलता.

तासाभरानं बाटली आत घेतली.
काच बोटांना चिकटत होती.
आतलं मात्र डुचमळलं, सरबतासारखं.
लेबलवर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, अस्सल.

सेवदेनं पुन्हा हलवली. दिव्यासमोर धरली.
मला वाटलं, आता रडणार.
तर ती हसायला लागली, उशीत तोंड खुपसून,
खांदे गदगदेपर्यंत हसली.
'कुणीच उठलं नव्हतं ह्याच्यासाठी,' म्हणाली.
'अगं, कुणीसुद्धा उठलं नव्हतं!'

सातव्या सकाळी दार तीनदा ठोठावलं.
साडेनऊला उघडलं. गालावर उशीच्या शिवणीचा वळ,
पिन तशीच, बोळा तसाच.
नऊ, ती म्हणाली, आणि परत आडवी झाली.

बाई खूश.
गुलाबाचा गुण उशिरा येतो, पण येतो, म्हणाल्या,
आणि आलेखात चार नंबरची रेघ
शेवटी शेवटी अशी वर गेली
की बाईंनी ती लाल केली.

वहीत शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
मी पेन टेकवलं, उचललं,
खूप वेळ नुसतीच शाईची टिंबं.
मग लिहिलं :
खिडकी काही काळ उघडी होती.